संगणक कक्षाचं कुलूप आणि माऊसमधली लव

आमच्या शाळेच्या संगणक कक्षात मागच्या वर्षी अकरा संगणक होते आणि त्यातल्या सातांवर पांढरी चिठ्ठी चिकटवलेली होती : 'बंद'. चिठ्ठी कोणी लावली, कधी लावली, नेमकं काय बंद आहे, यातलं काहीच तिच्यावर नव्हतं. जडवस्तू संग्रह नोंदवहीत मात्र अकराच्या अकरा जिवंत! तपासणीच्या दिवशी कुलूप उघडायचं, फडकं मारायचं, चालू असलेल्या चारांसमोर मुलं बसवून फोटो काढायचा, पुन्हा कुलूप. शिक्षक मित्रमैत्रिणींनो, हे वर्णन वाचून तुम्हाला तुमचीच शाळा आठवली असेल, तर पुढचं वाचा. पालकांनीही वाचा, कारण घरातला 'बिघडलेला' संगणकही बहुधा याच जातीचा असतो.

कुलपाचं कारण आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. वस्तू आपल्या नावावर आहे. बिघडली तर उत्तर द्यायचं आपण, निर्लेखनाचे कागद करायचे आपण. त्यापेक्षा मुलांचा हातच लागू नये हे बरं. मीही तीन वर्षं हेच केलं, त्यामुळे कोणाला नावं ठेवत नाही. पण आता माझं मत बदललं आहे आणि ते स्पष्ट सांगते : बिघाड शोधायचं काम पहिल्यांदा मुलांच्याच हातात द्यावं. निदान माऊस, कीबोर्ड, मॉनिटर, प्रिंटर यांच्या बाबतीत तरी. संगणकाला बाहेरून जोडलेली ही सगळी साधनं म्हणजेच पेरिफेरल. सगळ्यात जास्त हाताळली जातात ती हीच, म्हणून आधी कुरकुरतात तीही हीच.

हे मला शिकवलं सातवीतल्या एका मुलाने. वडील शांतीनगरच्या एका कारखान्यात माग चालवतात. 'बंद' चिठ्ठीच्या संगणकाकडे बोट दाखवून मी म्हटलं, "तो राहू दे, मेकॅनिक आल्यावर बघू." तो म्हणाला, "बाई, माग थांबला की अब्बू आधी धागा बघतात. मोटर शेवटी."

भिवंडीत राहणाऱ्याला हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. यंत्रमागावरचा माणूस माग थांबला म्हणून लगेच मोटर उघडत नाही. बाणा तुटलाय का? धोट्यातली कांडी संपली का? धोटा पेटीत नीट बसलाय का? ताण्यातला एखादा धागा सुटलाय का? मग पट्टा आणि सगळ्यात शेवटी मोटर. स्वस्त, सोपं, वरचेवर बिघडणारं आधी आणि महाग, अवघड, क्वचित बिघडणारं नंतर. बिघाड शोधण्याचं सगळं शास्त्र या क्रमात आहे आणि आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना ते घरातच मिळालेलं आहे. आपण मात्र त्यांच्याकडून 'इनपुट साधनांची नावे लिहा : माऊस, कीबोर्ड, स्कॅनर' एवढंच घोकून घेतो.

आम्ही एक शनिवार ठरवला. सात संगणक, आठ मुलं, एक कोरी वही. नियम दोनच. पहिला : एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दुसरा : संशय असलेली वस्तू चालू संगणकाला लावून बघायची. तिथे चालली तर वस्तू निर्दोष, दोष इकडे. तिथेही नाही चालली तर वस्तूच गेली. मुलांनी याला 'अदलाबदल' असं नाव दिलं. दोन तासांत सातांपैकी पाच चालू झाले. मेकॅनिक बोलवावा लागला तो उरलेल्या दोनांसाठी.

पाचांत काय सापडलं ते सांगते, कारण तुमच्याकडेही हेच सापडण्याची शक्यता आहे.

दोन मॉनिटर 'मेलेले' होते. एकावर काळा पडदा आणि मधे तरंगणारी सूचना, 'नो सिग्नल'. ही सूचना वाचून आपण मॉनिटर बिघडला म्हणतो, पण ती दाखवतोय कोण? मॉनिटरच! म्हणजे त्याला वीज मिळतेय, पडदा ठीक आहे, फक्त संगणकाकडून चित्र येत नाही. निळ्या टोकाची व्हीजीए केबल मागून अर्धी निसटली होती. तिच्या दोन्ही बाजूंचे स्क्रू कोणी आवळलेच नव्हते. दुसऱ्याचं चित्र येत होतं, पण सगळं पिवळं. व्हीजीएच्या टोकात तीन ओळींत पंधरा पिना बसतील अशी जागा असते आणि लाल, हिरवा, निळा हे तीन रंग तीन वेगळ्या पिनांतून येतात. निळ्याची पिन वाकली की उरतात लाल आणि हिरवा, आणि प्रकाशाचे हे दोन रंग मिळून पिवळा होतो. हिरवा गेला तर चित्र गुलाबी-जांभळं, लाल गेला तर आकाशी. विज्ञानाच्या पुस्तकातला प्रकाशाचा धडा इथे फुकटात शिकवून झाला. पिन चिमट्याने हळूच सरळ केली. हे काम मी केलं, मुलांना दिलं नाही. जोर जास्त झाला तर पिन तुटते.

एका संगणकाला कीबोर्ड-माऊस लावले तरी हलत नव्हते. जुना संगणक, मागे गोल भोकांचे दोन पोर्ट : जांभळा आणि हिरवा. जांभळ्यात कीबोर्ड, हिरव्यात माऊस. कोणीतरी उलटे घातले होते. त्यात आणखी एक मेख आहे. हे गोल पोर्ट, ज्यांना पीएस/२ म्हणतात, संगणक चालू असताना काढघाल करण्यासाठी बनवलेलेच नाहीत. संगणक बंद करून जोडायचं, मग चालू करायचं. नाहीतर तो नव्या पाहुण्याकडे बघतही नाही. आज सगळीकडे दिसणाऱ्या चपट्या यूएसबीची गोष्ट वेगळी. चालू संगणकात खुशाल लावा. एखाद्या जुन्या पेनड्राइव्हच्या तोंडात मुलांना निरखून बघायला सांगा : चार सोनेरी पट्ट्यांपैकी बाहेरच्या दोन किंचित लांब असतात. त्या विजेच्या. आत शिरताना आधी वीज जोडली जाते, मग माहितीच्या तारा. चालू यंत्राला धक्का न लावता जोडता यावं म्हणून केलेली ही सोय आहे. हे कळल्यावर एका मुलीने शाळेतले सगळे पेनड्राइव्ह तपासून खात्री करून घेतली.

आता माऊस. भिवंडीच्या माऊसचा आजार हा भिवंडीचाच आजार आहे : सुताची लव. आमच्या खिडकीच्या पलीकडे माग चालतात. बाकांवर, पंख्यावर, मुलींच्या वेण्यांवर जी पांढरी लव बसते तीच माऊसच्या पोटात जाते. आपल्या पिढीला तो जुना रबरी गोळीचा माऊस आठवत असेल. खालचं झाकण फिरवून गोळी काढायची आणि आतल्या दोन रुळांना गुंडाळलेला लवेचा काळा पट्टा नखाने सोडवायचा. आताच्या माऊसमध्ये गोळी नाही. खाली लाल दिवा दिसतो, त्याच्या शेजारी एक चिमुकला कॅमेरा असतो. तो टेबलाच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजाराहून जास्त फोटो काढतो आणि आधीच्या फोटोशी नव्याची तुलना करून माऊस किती आणि कुठे सरकला ते ठरवतो. म्हणून काचेवर तो आंधळा होतो. एकसारख्या गुळगुळीत जागेच्या दोन फोटोंत फरक काय काढणार? खाली साधा कागद ठेवला की झालं. आणि म्हणूनच भिंगासमोर लवेचा एक तंतू अडकला की बाण थरथरतो, उड्या मारतो. तंतू हलत नाही, टेबल हलतं, बिचाऱ्याने विश्वास कोणावर ठेवायचा? चित्रकलेचा मऊ ब्रश फिरवला, काम झालं. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते.

माऊस उलटा करून बघणं ही पहिली पायरी. लाल दिवा लागलाय पण बाण हलत नाही, म्हणजे वीज येतेय, दोष दुसरीकडे : पृष्ठभाग, लव, किंवा संगणकच अडकलाय. दिवाच नाही, तर केबल किंवा पोर्ट. (काही माऊसचा दिवा डोळ्यांना दिसतच नाही. तिथे अदलाबदलच करावी लागते.) एकदा दाबलं की दोनदा दाबल्यासारखं होत असेल तर आतलं चिमुकलं बटण झिजलंय. मग नवा माऊस आणा, त्यात फार जीव घालवू नका.

पण मला सगळ्यात आवडला तो कीबोर्डचा भाग, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

खरोखरच निकामी झालेला एक कीबोर्ड आम्ही पेचकसाने उघडला. उघडण्याआधी विचारलं, "शंभरावर कळा आहेत, प्रत्येकीची वेगळी तार असेल तर किती तारा लागतील?" शंभरावर. पण केबल तर बारीक, आत चारच तारा! झाकण काढलं. आत प्लास्टिकचे पातळ पारदर्शक पडदे एकावर एक. एकावर चकाकत्या रेघांचं एक जाळं, दुसऱ्यावर दुसरं, मधला पडदा भोकाभोकांचा. कळ दाबली की भोकातून वरची रेघ खालच्या रेघेला टेकते. एका मुलाने पडदा उजेडाकडे धरला आणि दुसरा ओरडला, "ताणा-बाणा!"

अगदी बरोबर. कीबोर्ड म्हणजे विणकामच आहे. उदाहरणार्थ, ८ आडव्या आणि १८ उभ्या रेघा घ्या. रेघा फक्त २६, पण त्यांच्या छेदनबिंदू १४४. प्रत्येक छेदावर एक कळ. कीबोर्डमधली चिप एकेका ओळीला पाळीपाळीने विजेचा इशारा देते आणि तो कुठल्या उभ्या रेघेतून परत येतो ते पाहते. हे सेकंदाला इतक्या वेळा होतं की आपलं बोट उचललं जाण्याआधी तिचं कितीदा तरी पाहून झालेलं असतं. कोणती आडवी, कोणती उभी, एवढ्यावरून कळ कळली. गणितात आपण निर्देशांक शिकवतो ना, क्ष आणि य? तेच.

आणि एकदा ही वीण डोळ्यांसमोर आली की बिघाड वाचता येतो. एकच कळ चालत नाही : तिच्याखाली लव किंवा बिस्किटाचा चुरा. पाच-सहा कळा एकदम गेल्या : एक आख्खी रेघ तुटली, बहुतेक कधीतरी चहा सांडलेला असतो. सगळाच कीबोर्ड मुका : केबल किंवा पोर्ट. नम लॉक दाबून बघा. कोपऱ्यातला दिवा लागतो-विझतो असेल तर कीबोर्ड आणि संगणक एकमेकांशी बोलताहेत. कापडावरच्या दोषावरून कुठला धागा तुटला ते सांगणारा विणकर आणि गेलेल्या कळांवरून रेघ ओळखणारा मुलगा, यांच्यात मला तरी फरक दिसत नाही.

विणकामाचं नातं नुसतं उपमेपुरतंही नाही. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास जोसेफ जॅकार्डने भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर नक्षी विणणारा माग सिद्ध केला. भोक असेल तर धागा उचलायचा, नसेल तर नाही. हीच युक्ती चार्ल्स बॅबेजने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी घेतली. पुढे हरमन हॉलेरिथने भोकांच्या कार्डांवर अमेरिकेची १८९० ची जनगणना मोजून दाखवली. विसाव्या शतकात कितीतरी वर्षं संगणकाला माहिती देण्याचं मुख्य साधन हे कार्डच होतं. माऊस त्यामानाने अगदी अलीकडचा. डग्लस एंगेलबार्टने तो जगासमोर आणला ९ डिसेंबर १९६८ ला. म्हणजे इनपुट साधनांच्या यादीत सगळ्यात वरचं नाव मागाचं हवं! भिवंडीच्या मुलांना हे कोणीतरी सांगायला नको का? संगणक म्हणजे पुण्या-मुंबईच्या मुलांची वस्तू, आपल्याला त्यातलं काय कळणार, असं मानून बसलेली मुलं माझ्या वर्गात आहेत.

कीबोर्डची आणखी एक तक्रार खास आपली, शिक्षकांची. "मॅडम, कीबोर्ड बिघडला, इंग्रजी दाबलं की मराठी येतंय." बिघडलेलं काही नसतं, भाषा बदललेली असते. विंडोज कळ आणि स्पेस दाबा, परत जागेवर. पासवर्ड बरोबर असून चुकतोय? कॅप्स लॉक बघा. लॅपटॉपवर अक्षरांऐवजी आकडे उमटतात? नम लॉक. शिफ्ट पाचदा दाबल्यावर मधेच एक चौकट उघडते तीही बिघाड नव्हे. एका वेळी दोन कळा दाबता न येणाऱ्यांसाठी केलेली सोय आहे, 'नाही' म्हणा आणि पुढे चला. माझ्या माहितीतल्या एकांनी या चौकटीपायी संगणक फॉरमॅट करून घेतला होता.

प्रिंटरबद्दल थोडक्यात, कारण तो मुलांच्या हाती फारसा द्यावा असं मला वाटत नाही. पावसाळ्यात कागद अडकतो तो बहुतेक वेळा ओलाव्यामुळे. उघडं रीम हवेतला दमटपणा ओढून घेतं, कागद मऊ होतो, कडेने वळतो, दोन पानं चिकटून आत जातात. गंमत अशी की सुताला थोडी दमट हवा मानवते, कोरड्या हवेत ते जास्त तुटतं. कागदाचं नेमकं उलटं. उरलेलं रीम प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवा. अडकलेला कागद ओढताना शक्यतो तो ज्या दिशेने चालला होता त्याच दिशेने, दोन्ही हातांनी, सावकाश. आणि लेझर प्रिंटर यूपीएसला जोडू नका. पूड कागदावर पक्की करणारा त्याचा भाग तापताना इतकी वीज ओढतो की छोटा यूपीएस कोलमडतो.

पण प्रिंटरमधलं एक कोडं वर्गात जरूर न्या. छापील पानावर काळा ठिपका ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येत असेल तर पट्टीने अंतर मोजायला लावा. फिरणाऱ्या एखाद्या रुळावर ओरखडा पडला की प्रत्येक फेऱ्याला एक ठिपका उमटतो, म्हणजे मोजलेलं अंतर हा त्या रुळाचा परीघ. आमच्या पानावर अंतर आलं साधारण ७५ मिलिमीटर. ३.१४ ने भागा : व्यास जवळजवळ २४. अनेक छोट्या लेझर प्रिंटरांच्या टोनरमधला ड्रम याच मापाचा असतो. प्रिंटर न उघडता दोषी सापडला.

भिवंडीचा दुसरा धंदा गोदामांचा. अंजूर फाट्यापासून मानकोलीपर्यंत कोणत्याही गोदामात जा, हातात बारकोड स्कॅनर घेतलेली तरुण पोरं दिसतील. त्यातली काही आपलेच माजी विद्यार्थी आहेत. साध्या यूएसबी स्कॅनरची मौज अशी की संगणकाच्या दृष्टीने तो बहुधा एक कीबोर्डच असतो. नोटपॅड उघडा, बिस्किटाच्या पुड्यावरचा बारकोड वाचा, आकडे आपोआप टंकले जातात, बहुतेक वेळा शेवटी एंटरही दाबला जातो. भारतीय कंपन्यांच्या मालाचे आकडे बहुधा ८९० ने सुरू होतात हेही मुलं लगेच शोधून काढतात. एका मुलीने घरी जाऊन भावाला हे समजावलं. तो दोन वर्षं रोज शेकडो वेळा तो स्कॅनर दाबतोय आणि ही गोष्ट त्याला कोणी सांगितलेली नव्हती. ऑनलाइन मागवलेल्या माऊस-कीबोर्डांचे खोके याच गोदामांतून बाहेर पडतात आणि चार किलोमीटरवरच्या शाळेत माऊस नाही म्हणून संगणक 'बंद', हा विनोद मला एकटीला दिसतो की काय?

आता आक्षेप. पालक सभेत एका बाबांनी विचारलं, "मॅडम, पोराला मेकॅनिक करायचाय का?" राग योग्य होता. स्वतःचं आयुष्य मागाच्या खडखडाटात गेलं, मुलाने तरी खुर्चीवर बसावं असं कोणाला वाटणार नाही? मी त्यांना एवढंच म्हटलं की खुर्चीवर बसणाऱ्याचाही माऊस अडकतोच. त्यांना ते पटलं असं वाटलं नाही. पण पुढच्या शनिवारी मुलगा आला.

सहकाऱ्यांचा आक्षेप जास्त रास्त आहे : मुलाला शॉक बसला तर? म्हणून रेघ ठळक आखा. यूएसबीच्या बाजूला फक्त ५ व्होल्ट असतात, ती बाजू मुलांची. भिंतीतला प्लग, यूपीएस, संगणकाच्या पेटीतला वीजपुरवठ्याचा डबा, जुना डबा-मॉनिटर आणि लेझर प्रिंटरचा तापणारा भाग, याला मुलांनी हात लावायचा नाही. जुन्या मॉनिटरमध्ये तर प्लग काढल्यावरही धोकादायक वीज साठून राहू शकते. काहीही उघडण्याआधी तारेसकट सुटं करायचं आणि शिक्षक तिथे हजर पाहिजे. हे पाळणार नसाल तर कुलूप राहू द्या, मी आग्रह करणार नाही.

आणि नोंदवहीची भीती? आम्ही मुख्याध्यापकांच्या सहीने एक साधी दुरुस्ती वही सुरू केली. तारीख, संगणक क्रमांक, काय दिसलं, काय करून पाहिलं, काय निघालं. 'बंद' अशी चिठ्ठी लावायला बंदी आहे. लावायची तर 'लाल दिवा लागत नाही, दुसऱ्या पोर्टला लावून पाहिलं' असं लिहायचं. मेकॅनिकला बोलावलं तेव्हा त्याने वही वाचली आणि थेट त्या दोन संगणकांपाशी गेला. एकाचा वीजपुरवठा गेला होता, दुसऱ्याची हार्ड डिस्क. त्या दुसऱ्याचे निर्लेखनाचे कागद मी केले, आणि त्यात दोषाच्या रकान्यात काय लिहायचं हे पहिल्यांदाच मला नक्की ठाऊक होतं.

या वर्षी घटक चाचणीत मी 'इनपुट साधनांची नावे लिहा' हा प्रश्न काढला नाही. विचारलं : माऊसचा लाल दिवा लागतो, पण पडद्यावरचा बाण हलत नाही. तुम्ही काय कराल? दोन गुण. एका उत्तरपत्रिकेत असं आलं : "आधी खाली कागद ठेवीन. मग उलटा करून लव आहे का बघीन. मग शेजारच्या कॉम्प्युटरला लावीन. तिथे चालला तर माऊसला काही बोलणार नाही." शेवटच्या वाक्याला गुण नव्हता, पण मी पूर्ण दोन दिले.